करडा धोबी की पिवळा धोबी?

पुण्याच्या आसपास हिवाळ्यात शेपटी सतत वरखाली हलवणारा, अंगावर पिवळेपण असलेला पक्षी दिसला की पुष्कळ जण त्याला पिवळा धोबी म्हणून मोकळे होतात. परंतु करड्या धोब्याच्या कमरेवर आणि शेपटीखाली हिवाळ्यातही ठसठशीत पिवळा रंग असतो, तर पिवळ्या धोब्याचे पहिल्याच हिवाळ्यातले पक्षी कधी कधी इतके फिके असतात की त्यांच्यात पिवळेपण शोधावे लागते. त्यामुळे केवळ रंगावर निर्णय घेऊ नये.

आधी पाठ आणि पाय पाहावेत. करड्याची पाठ निखळ राखाडी असून खाली कंबर पिवळी उठून दिसते. पिवळ्याची पाठ आणि कंबर दोन्ही हिरवट-तपकिरी असतात. करड्याचे पाय फिकट गुलाबी-तपकिरी, पिवळ्याचे काळे. पाय चिखलाने माखलेले नसतील, तर माझ्या मते ही सर्वांत भरवशाची खूण आहे. करड्याची शेपटीही स्पष्टपणे लांब असते.

जागेचीही मदत होते. करडा धोबी बहुधा एकटा, सिंहगडाच्या पायथ्याशी असतात तशा झाडीतल्या ओढ्यांच्या दगडांवर वावरतो आणि सप्टेंबरपासूनच दिसू लागतो. पिवळा धोबी मोकळ्या ओलसर जमिनीचा, म्हणजे कवडीपाटाचा नदीकाठ किंवा भिगवणच्या गवताळ किनाऱ्यांचा पक्षी असून चरणाऱ्या गुरांच्या पायांतून उडणारे किडे टिपत थव्याने फिरतो. करडा हिमालयातही वीण करतो. पिवळ्याची वीण मात्र युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या कुरणांत होते.

परतीच्या आधी, मार्च-एप्रिलमध्ये, काम सोपे होते. करड्या नराचा गळा काळा होतो, तर पिवळ्या नरांचे डोके उपजातीनुसार राखाडी, निळसर किंवा काळे दिसते. यांपैकी फिकट निळसर डोक्याच्या आणि पांढऱ्या भुवईच्या उपजातीचे वर्णन ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक कर्नल साइक्स यांनी 1832 मध्ये दख्खनमधल्या पक्ष्यांवरून केले आणि तिला भीमा नदीचे नाव दिले. भिगवणला दुर्बीण लावणाऱ्याने ही उपजात आवर्जून शोधावी.

काळ्या पायांचा, पण गालाभोवती फिकट चौकट आणि पंखावर दोन रुंद पांढरे पट्टे असलेला पक्षी दिसल्यास तो या दोघांपैकी कोणीही नसून पिवळ्या डोक्याचा धोबी असण्याची शक्यता अधिक आहे.