पळा, राबा आणि पळत घरी या : नऊ महिन्यांचा अनुभव (आणि घमेल्यांचा हिशोब)

गेल्या रविवारी ग्रुपच्या शेवटच्या धड घमेल्याचं बूड गेलं. गेलं ते पण भरलेलं, माझ्या हातात असताना, ओला गाळ सगळा शूजवर आणि वरून लोकं हसतायत. म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर लिहिणार नव्हतो.

ग्रुप कोणता ते धुळ्यातल्या बऱ्याच जणांना कळेलच, नाव घेत नाही, गाव केवढं, उद्या पाचकंदीलला समोरासमोर यायचंय. पहाटे सव्वापाचला देवपुरातून निघायचं, तीन-चार किलोमीटर पळत जिथं काम असेल तिथं, पाऊण तास काम, पळत परत. महिन्याला अडीचशे रुपये. जिमवाले हजार मागत होते म्हणून आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) इथं नाव टाकलं, सेवाबिवा डोक्यात नव्हती, शुगर बॉर्डरला आली होती एवढंच.

आयडिया आपली नाही, ॲडमिनभाऊ स्वतःच सांगतात. लंडनमध्ये २००९ ला गुडजिम म्हणून सुरू झालं, जिममध्ये लोखंड उचलून जी ताकद वाया जाते ती कोणाच्या तरी कामी लावा म्हणून. ऐकायला एकदम पटतं. पण तिकडं घमेली किती असतात ते कोणी सांगत नाही.

हसू नका, मुद्दा सिरियस आहे. एकविरा मंदिराच्या मागं पांझरेच्या काठाला आम्ही गाळ-कचरा काढतो, तिथं साखळी करावी लागते, एकानं फावड्यानं भरायचं आणि बाकीच्यांनी हातोहात पुढं द्यायचं. माणसं अठरा आणि घमेली चार! म्हणजे एक घमेलं गेलं की दुसरं येईपर्यंत उभं राहा, मोबाईल काढा, फोटो. चार किलोमीटर पळून अंग घामानं भिजलेलं, त्यात वीस मिनिटं असं उभं राहिलं की अंग थंड पडतं, पोटऱ्या आखडतात आणि मग म्हणे चला, पळत परत. श्रावणात माझी डावी पोटरी अशीच धरली, तीन आठवडे जिना उतरता येईना. वॉर्मअप दहा मिनिटं घेतात, स्ट्रेचिंगचे फोटो टाकतात, पण मधल्या ह्या उभं राहण्याचं कोणालाच काही नाही. दोनशे-सव्वादोनशेच्या घमेल्यासाठी माणूस लंगडा करायचा म्हणजे काय राव.

मग मीच दोन लोखंडी घमेली आणली, ४४० रुपये. खजिनदारांना बिल दाखवलं तर म्हणे सेवा आहे भाऊ, बिल कशाला. माझं डोकं सटकलं. ग्रुपवर लिहिलं की फी घेताना सेवा नसते का, कोणीतरी हात जोडल्याचे चिन्ह टाकले, कोणी बारीपाड्याचं उदाहरण दिलं. बारीपाडा आपल्या साक्री तालुक्यातलाच, चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली, मान्यच, मोठं काम आहे, पण ते गाव आपल्या स्वतःच्या जंगलासाठी राबतं, अडीचशे रुपये भरून नाही. तेवढं लिहिलं आणि ग्रुप सोडला.

चार दिवस सोडला फक्त. कारण सांगतो.

गुडजिममध्ये एक पद्धत आहे, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडं पळत जायचं, बसायचं, बोलायचं, परत यायचं. त्या माणसाला ते कोच म्हणतात, तो वाट बघतो म्हणून तुमचं पळणं चुकत नाही. आमच्याकडं पण हे आहे आणि माझ्या वाट्याला एक आजी आलेल्या, पोरं पुण्याला. मंगळवारी जायचं, पिण्याच्या पाण्याचे दोन हंडे भरून ठेवायचे, गोळ्यांची पाकिटं बघायची, झालं. मला वाटलं होतं आजींना दिवससुद्धा लक्षात नसेल. तो मंगळवार मी रागात बुडवला आणि बुधवारी दूध आणायला तिकडून चाललो होतो तर ओट्यावरूनच, "काल काब्र नही उना रे भो?" आता ह्याला काय उत्तर देणार, घमेल्यांमुळे नाही आलो म्हणून सांगू? चहा प्यायलो, बिनसाखरेचा मागितला तरी त्यांनी साखर घातलीच, घरी येऊन ॲडमिनला मेसेज केला परत ॲड करा.

आणि खरं लिहायचं तर फरक पडलाय. आखाजीच्या वेळी पाच किलोमीटरला ४३ मिनिटं लागायची, ती पण मध्ये चालत, आता ३४. पट्ट्याला दोन भोकं आत. शुगरचा रिपोर्ट डॉक्टरांनी दोनदा बघितला. नुसत्या पळण्यानं खांदे-पाठ अशी झाली नसती, ते फावड्याचं काम. लळिंगच्या बाजूला टेकडीवर उन्हाळ्यात समतल चर खोदले तेव्हा समजलं, ए-फ्रेम (पातळी बघायची A आकाराची चौकट) लावून आधी समपातळीची रेघ धरायची, मग कुदळ, आणि माती खालच्या अंगाला ओढून बांध करायचा म्हणजे वरून येणारं पाणी चरात थांबून मुरतं. पहिल्या दिवशी मी माती वरच्या अंगाला टाकली होती, पावसात सगळी परत चरातच आली असती. तिथं घमेलं लागत नाही हे पण कबूल करतो, म्हणून तिथं कोणी रिकामं उभं नसतं आणि तिथून कधी कोणाची पोटरी धरली नाही. माझा मुद्दा हाच होता पण ऐकतो कोण.

खजिनदारांबद्दल थोडं मागं घेतो. दिवाळीनंतर त्यांनी वही दाखवली, पैसा लावलेल्या झाडांना टँकरनं पाणी घालण्यात जातो, खान्देशातला उन्हाळा बघता जाणारच. मग हे आधी सांगायला काय झालं होतं? ४४० मात्र अजून आले नाहीत.

नवीन येणाऱ्यांसाठी एवढंच की जुने शूज घालून या, काळी माती नव्या शूजला सोडत नाही, आणि पोटऱ्यांची काळजी असेल तर साखळीत फावड्याच्या बाजूला जागा धरा, तिथं उभं राहावं लागत नाही. फी पुढच्या आखाजीपर्यंतची मी भरलीय. आणि निळ्या कडेची दोन घमेली माझी आहेत, कडेला ऑइलपेंटनं आडनाव टाकलंय, काम झालं की धुऊन माझ्या गाडीपाशी उपडी ठेवायची.