नॅनोक्लेच्या नावाखाली साधा फिलर

नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीच्या मोल्डिंगवाल्यांनो, ‘नॅनोक्ले मास्टरबॅच’ (प्लास्टिक मजबूत व्हावं म्हणून त्यात मिसळायचे, अतिसूक्ष्म थरांच्या मातीचे दाणे) विकायला कोणी आलं तर आधी हे वाचा. संत्र्याचे कॅरेट काढणाऱ्या एका युनिटला सॅम्पल अस्सल मिळालं. निम्मे पैसे आगाऊ गेले आणि मागून आलेल्या पोत्यांत निघालं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूसारखा साधा फिलर. दर मात्र नॅनोचाच लावलेला.

विक्रेत्यानं गळाला लावलेलं आमिष टोयोटाच्या उदाहरणाचं. त्यांच्या संशोधकांनी नायलॉन-६ मध्ये जेमतेम ५ टक्के क्ले घातली आणि भाराखाली वाकण्याचं तापमान ६५ अंशांवरून १४५ च्या वर नेलं. आकडे खरे आहेत. पण तिथे क्लेच्या थरांच्या फटीतच नायलॉन तयार केलं होतं, आणि नायलॉनला क्लेशी जमवून घेता येतं. एचडीपीईला, म्हणजे कॅरेटच्या पॉलिएथिलीनला, येत नाही. त्यासाठी क्ले ऑर्गॅनिक प्रक्रिया केलेली (ऑर्गॅनोक्ले) हवी, सोबत दोघांना जोडणारं मॅलेइक अॅनहायड्राइड ग्राफ्ट केलेलं पॉलिएथिलीन क्लेच्या किमान बरोबरीनं हवं, आणि हे सगळं ट्विन स्क्रूवर (दोन स्क्रूंच्या मशीनवर) मळलेलं हवं, तरच क्लेचे थर सुटे होतात. मोल्डिंग मशीनच्या एकेरी स्क्रूत दाणे मिसळतात, थर सुटत नाहीत.

५ टक्के टाकून फरक पडेना, तेव्हा विक्रेत्यानं ‘डोस वाढवा’ म्हटलं. डोस १२ टक्क्यांवर गेला. दीड किलोचं कॅरेट ९० ग्रॅमच्या आसपास जड झालं आणि आपटलं की कोपरे पांढरे पडून चिरायला लागले.

हे पोतं उघडताच पकडता आलं असतं. ७५ टक्के कार्बोनेटच्या दाण्यांची घनता १.८ च्या आसपास येते, ५० टक्के ऑर्गॅनोक्लेच्या दाण्यांची १.२ च्या आसपास. दाणे हवेत आणि पाण्यात तोलले की कळतं. पाण्यात साबणाचा थेंब टाका, नाहीतर बुडबुडे चिकटून आकडा चुकतो.

मग राख. ५ ग्रॅम दाणे क्रुसिबलमध्ये (भट्टीत टिकणाऱ्या वाटीत) घालून मफल फर्नेसला (बंद भट्टीत) ६०० अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत. कार्बोनेटवाल्यात जवळपास ७५ टक्के राख उरते. ऑर्गॅनोक्लेवाल्यात ३०-३५ टक्केच, कारण क्लेवरचं ऑर्गॅनिकही जळून जातं. थंड राखेवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसली तर कार्बोनेट. भट्टी ९०० वर नेऊ नका: कार्बोनेटचा चुना होतो, राख ४२ टक्क्यांवर येते, फसफसही होत नाही आणि चोर सुटतो. नुसतं टाल्क (शंखजिऱ्याची भुकटी) असेल तर थेंबानं काही कळणार नाही, तिथे राखेचा आकडाच बोलतो.

याहून बेरकी प्रकार म्हणजे क्ले खरी, पण प्रक्रिया न केलेली बेंटोनाइट. भुकटी मिळाली तर पाण्यात टाकून बघा. बेंटोनाइट भिजून फुगते, ऑर्गॅनोक्ले बहुतेक तरंगत राहते. दाण्यांत मात्र एक्सआरडीशिवाय, म्हणजे थरांतलं अंतर मोजणाऱ्या क्ष-किरण चाचणीशिवाय, इलाज नाही. कच्च्या क्लेच्या थरांतलं अंतर १.२ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे चाचणीच्या आलेखावरचं शिखर ७ अंशांजवळ, ऑर्गॅनोक्लेचं १.८ ते ३, म्हणजे ५ ते ३ अंशांत. विक्रेत्याचा आलेख १० अंशांपासून सुरू होत होता आणि वर लिहिलं होतं, ‘शिखर नाही, थर पूर्ण सुटले’. बघायच्या जागेच्या पुढूनच मोजायला घेतलं तर शिखर दिसणार कुठून? स्कॅन २ अंशांपासूनच मागा. नागपुरात व्हीएनआयटी आणि लक्ष्मीनारायण या तंत्रशिक्षण संस्था आहेत, चंद्रपूरला प्लास्टिकची संस्था सिपेट आहे. तिथे आधी फोन करून तपासणीची सोय आणि दर विचारून घ्या.

कागदाची बाजू त्या युनिटला सगळ्यात महागात पडली. बिलावर फक्त ‘पी.ई. अॅडिटिव्ह’ लिहिलेलं, त्यामुळे भांडायला आधारच उरला नाही. खरेदी आदेशात क्लेचा प्रकार, तिचं प्रमाण, ६०० अंशांवरची राख आणि घनता आकड्यांत लिहा, आणि निम्मं पेमेंट राखेच्या चाचणीनंतरचं ठेवा. गाडी उतरताना प्रत्येक लॉटमधून किलोभर दाणे काढून, ड्रायव्हरची सही घेऊन, पिशवी सील करा.