खनिजांचं मोठं पॅकेज की निवडक तपासण्या?

मेहुणा इंदूरच्या रामबागेत राहतो, वय 48. बीपीची गोळी तीन वर्षांपासूनची, ॲसिडिटीची त्याहून जुनी. परवा पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरता भुरभुरता त्याने एका लॅबचं पत्रक पुढे केलं. झिंक, कॉपर, सेलेनियम, मॅग्नेशियम, लोह, सगळं एकाच पॅकेजमध्ये. ‘भाऊजी, करून टाकू का?’

माझा जन्म लॅबमध्ये रक्त काढण्यात गेला, म्हणून प्रश्न माझ्याकडे. माझं मत निवडक तपासण्यांच्या बाजूचं आहे, पण पॅकेजवाले अगदीच हवेत बोलत नाहीत. पॅरिसमध्ये 30 ते 60 वयाच्या 4,035 पुरुषांचं झिंक, कॉपर आणि मॅग्नेशियम मोजून 18 वर्षं कोण जगलं, कोण गेलं ते पाहिलं होतं. कॉपर जास्त असलेल्यांत मृत्यू अधिक, मॅग्नेशियम जास्त असलेल्यांत कमी. अडचण अशी, की अंगात कुठे सूज असली किंवा सिगारेट चालू असली तरी कॉपर चढतंच. कॉपरमुळे आजार की आजारामुळे कॉपर, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. कळलं तरी धडधाकट माणसाला कॉपर उतरवायचं औषध कोण देणार?

झिंकची गत आणखी वाईट. साध्या नळीच्या रबरी बुचातूनही झिंक उतरतं आणि आकडा फुगतो. खाल्ल्यानंतर तोच घसरतो. बुचातलं झिंक टाळायला गडद निळ्या झाकणाची वेगळी नळी लागते. लॅबवाल्याला तेवढं विचारून बघा, उत्तरावरून पॅकेजची किंमत कळेल.

आता निवडक बाजू. बीपीची गोळी घेणाऱ्याने पहिलं पोटॅशियम करावं, क्रिएटिनिनसोबत, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालतात तेही कळतं. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांनी ते चढतं, लघवी वाढवणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी उतरतं, आणि दोन्हीकडे हृदयाचे ठोके बिघडू शकतात. साधारण 3.5 ते 5 मध्ये असावं. घरात ‘कमी सोडियमचं’ मीठ आणलं असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. याच मेहुण्याचं गेल्या वर्षी 5.9 आलं आणि घरात रडारड. मी विचारलं, पट्टा बांधून मूठ उघड-मीट करायला लावली होती का? ‘हो, दहा-बारा वेळा.’ त्या मुठीनेच पोटॅशियम वाढतं. दुसऱ्या दिवशी हात सैल ठेवून काढलं, 4.4.

सोडियम मात्र फसवं. रोज वाटीभर सेव खाल्ली तरी मूत्रपिंडं ते 135 ते 145 मध्येच धरून ठेवतात. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे सेवेला परवाना नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा 5 ग्रॅम मीठ आहे, आणि इंदुरी माणूस ती नाश्त्यालाच गाठायला लागतो.

मॅग्नेशियम ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी जरूर करावं, त्या गोळ्यांनी ते उतरू शकतं. शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी एक टक्काही रक्तात नसतं, म्हणून नॉर्मल आल्यावर फार खूश होऊ नका. कमी आलं तर मात्र दुर्लक्ष नको.

फेरिटिन म्हणजे लोह साठवणारं प्रथिन, त्यावरून लोहाच्या साठ्याचा अंदाज येतो. 1992 मध्ये फिनलंडमधल्या 1,931 पुरुषांच्या अभ्यासात 200 च्या वर फेरिटिन असलेल्यांना हार्ट अटॅकचा धोका सुमारे 2.2 पट दिसला. पुढच्या अभ्यासांत ते सगळीकडे जुळलं नाही. शिवाय ताप-खोकल्याचा संसर्ग, फॅटी लिव्हर, दारू, कशानेही फेरिटिन वाढतं. म्हणून एकटं करू नका, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन लोहाने किती टक्के भरलंय तो आकडा, जोडीला घ्या. ते 45 टक्क्यांच्या वर असेल तर डॉक्टरांकडे जा.

मेहुण्याने पत्रकाच्या पाठीवर लिहून घेतलं: पोटॅशियम, क्रिएटिनिन, मॅग्नेशियम. फेरिटिनपुढे मी ‘नंतर’ लिहायला लावलं, कारण त्याचा खोकला अजून गेलेला नाही.