डायनॅमो दुरुस्त करावा की अल्टरनेटर बसवावा?

जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी वारंवार उतरू लागली की ती चार्ज करणारा डायनॅमो दुरुस्त करावा की तो काढून तेच काम करणारा नव्या धाटणीचा अल्टरनेटर बसवावा, हा प्रश्न येतो. पण दोष नेमका कुठे आहे हे पाहिल्याशिवाय यातला कोणताही खर्च करू नये. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन वेगात चालवूनही हा आकडा 14 च्या आसपास चढत नसेल, तर आधी डायनॅमो फिरवणाऱ्या पट्ट्याचा ताण आणि अर्थिंग (बॅटरीच्या एका टोकाची बॉडीशी असलेली जोडणी) तपासावे.

तिथे काही आढळले नाही, तर डायनॅमोच्या डी आणि एफ या टर्मिनलांवरच्या वायरी सोडवून दोन्ही टर्मिनले वायरच्या तुकड्याने एकमेकांना जोडावीत आणि ती जोड व डायनॅमोची बॉडी यांमध्ये मल्टिमीटर लावून इंजिनचा वेग सावकाश वाढवावा. व्होल्टेज भराभर चढून 20 कडे जाऊ लागले, तर तिथेच थांबावे. याचा अर्थ डायनॅमो ठीक असून दोष कटआउट-रेग्युलेटरमध्ये (बॅटरीकडे जाणारी वीज नियंत्रित करणाऱ्या पेटीत) किंवा वायरिंगमध्ये आहे. काटा हललाच नाही, तर बहुधा कार्बन ब्रश झिजलेले किंवा कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) काळवंडलेला असतो आणि ही दुरुस्ती स्वस्तात होते. आर्मेचर (डायनॅमोतला तारा गुंडाळलेला, फिरणारा भाग) जळले असेल, तर मात्र अल्टरनेटरचा विचार करावा.

डायनॅमोची खरी उणीव अशी की इंजिन मंद चालत असताना तो जवळजवळ काहीच देत नाही. रात्री दिवे लावून मंद गतीने काम करणाऱ्याला म्हणूनच अल्टरनेटर परवडतो. दिवसा काम करून सायंकाळी ट्रॅक्टर उभा करणाऱ्याने, माझ्या मते, डायनॅमोच जपावा.

अल्टरनेटर बसवण्यात काही अडचणीही आहेत. अनेक जुन्या ट्रॅक्टरांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते, तर अल्टरनेटरला सहसा निगेटिव्ह अर्थिंग लागते. टोके न बदलता जोडणी केल्यास अल्टरनेटरमधले डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) क्षणात जळतात. चार्जिंगची मुख्य वायर जाड घालावी लागते, जुना रेग्युलेटर काढावा लागतो, आणि ज्या ट्रॅक्टरांत आरपीएम मीटरची केबल डायनॅमोच्या मागच्या टोकातून निघते, तिथे तो मीटर बंद पडतो. शिवाय बहुतेक अल्टरनेटरांत चार्जिंगचा इंडिकेटर दिवा केवळ सूचनेसाठी नसतो, त्याच्यातून जाणाऱ्या प्रवाहानेच अल्टरनेटर जागा होतो. तेव्हा नवा अल्टरनेटर चार्ज करत नसेल, तर तो परत करण्याआधी हा बल्ब उडाला आहे का ते पाहावे.