असेंब्लीच्या पहिल्या पायरीसाठी नॅझम आणि जीडीबी

मायक्रोप्रोसेसर हा विषय घेतलेल्या मुंबईतील अनेक विद्यार्थ्यांची असेंब्लीशी, म्हणजे प्रोसेसरला थेट सूचना देणाऱ्या भाषेशी, ओळख डॉसबॉक्समध्ये (जुनी डॉस प्रणाली आजच्या संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालणाऱ्या टॅझम या असेंब्लरवर (असेंब्लीतला प्रोग्रॅम यंत्रभाषेत बदलणाऱ्या साधनावर) होते, आणि टर्मवर्कच्या फाइलमध्ये छापील प्रोग्रॅम उतरवून सही मिळाली की विषय संपला असे त्यांना वाटते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी लिनक्सवरील नॅझम हा असेंब्लर आणि जीडीबी हा डीबगर (प्रोग्रॅम थांबवत थांबवत तपासण्याचे साधन) वापरायला देतो. दोन्ही मोफत आहेत, दोन्हींचा स्रोत खुला आहे, आणि सुरुवातीसाठी याहून चांगली जोडी मला आढळलेली नाही.

असेंब्लीचे साधन मी एकाच कसोटीवर पारखतो : एक सूचना चालल्यावर रजिस्टरांत (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवण-जागांत) आणि फ्लॅगमध्ये (निकालाची स्थिती दाखवणाऱ्या बिटांत) काय बदलले, हे विद्यार्थ्याला लगेच दिसते का? भागाकाराचे उदाहरण घेऊ. चौसष्ट बिटांच्या भागाकारात भाज्य हे आरडीएक्स आणि आरएएक्स या दोन रजिस्टरांत मिळून असते. आरडीएक्समध्ये आधीच्या गणिताची मोठी संख्या उरली असेल, तर उत्तर एका रजिस्टरात मावत नाही आणि प्रोग्रॅम मध्येच थांबतो. त्या वेळी लिनक्स ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’ असा संदेश दाखवते. प्रोग्रॅममध्ये अपूर्णांक कुठेच नसल्यामुळे मुले गोंधळतात. पण जीडीबीत ‘लेआउट रेग्ज’ ही रजिस्टरे दाखवणारी आज्ञा देऊन ‘स्टेपआय’ने एकेक सूचना चालवली की भागाकारापूर्वीच आरडीएक्समधली ती संख्या समोर दिसते. असे एकदा पाहिलेला विद्यार्थी भागाकारापूर्वी आरडीएक्स शून्य करायला सहसा विसरत नाही.

नॅझमचा कडकपणाही मला आवडतो. चौकटी कंसाविना लिहिलेले नाव म्हणजे पत्ता आणि कंसात लिहिलेले नाव म्हणजे त्या पत्त्यावरील मजकूर, हा नियम तो कोठेही सैल करत नाही. चलाचा आकारही तो लक्षात ठेवत नाही, त्यामुळे मेमरीत थेट ५ ठेवायचे असतील तर बाइट की वर्ड हे स्वतः सांगावे लागते. टॅझम आणि मायक्रोसॉफ्टचा असेंब्लर मॅझम हा आकार चलाच्या घोषणेवरून ओळखतात. नवख्याला ते सोयीचे वाटते खरे, पण आकाराचा विचार करायची सवय मात्र लागत नाही.

दोष जीडीबीकडे अधिक आहेत. तो सूचना मुळातच एटी अँड टी पद्धतीने दाखवतो, म्हणजे स्रोत आधी आणि गंतव्य नंतर, जे नॅझमच्या अगदी उलट आहे. पहिल्याच दिवशी डिसअसेंब्लीची (यंत्रभाषेतून परत दाखवलेल्या सूचनांची) पद्धत इंटेलवर बदलून ठेवावी, नाहीतर पुढचे सगळे उलटे वाचले जाईल. शिवाय सारे काम आज्ञा टाइप करून करावे लागते, आणि ज्यांनी टर्मिनल कधी उघडलेले नाही त्यांना सुरुवातीला ते जड जाते. अशांनी आधी ईएमयू८०८६ हा ८०८६ प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम वापरायला हरकत नाही. त्यात रजिस्टरे शेजारच्या चौकटीत आपोआप दिसतात. मात्र तो विंडोजपुरता आणि १६ बिटांपुरताच आहे.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन ८०८५ या जुन्या प्रोसेसरचे ट्रेनर किट (सरावाचा सर्किट बोर्ड) घ्यावे का, असे पालक विचारतात. हार्डवेअर जोडून पाहायचे असेल तरच घ्यावे; प्रोग्रॅमिंगच्या सरावासाठी त्याची गरज नाही.

उबुंटूवर ही जोडी नेहमीच्या पॅकेजांतून मिळते आणि विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याच्या सोयीत) चालते. एम मालिकेच्या चिपचा मॅक असलेल्यांनी मात्र जपून राहावे, कारण त्याचा प्रोसेसर एआरएम जातीचा आहे आणि नॅझम एक्स८६ या इंटेल-एएमडी प्रोसेसरांच्या जातीचाच कोड तयार करतो.

परीक्षेसाठी डॉसबॉक्स काढून टाकू नये. परीक्षेच्या प्रोग्रॅममधली ‘इंट २१एच’ ही डॉसची सेवा आहे, ती लिनक्सवर मिळत नाही. नॅझम स्वतः डॉसच्या कॉम (थेट चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) फाइलीही बनवतो, त्यामुळे ८०८६चे प्रोग्रॅम त्यातच लिहून डॉसबॉक्समध्ये चालवता येतात. फक्त उत्तरपत्रिकेत सेगमेंटच्या (मेमरीच्या विभागांच्या) घोषणा आणि ‘ऑफसेट’ हा पत्ता दर्शवणारा शब्द टॅझमच्या पद्धतीने लिहायचा असतो, म्हणून शेवटचे काही आठवडे तोच सराव वेगळा करावा.