एडिस आणि क्युलेक्स डास: अंड्यांसाठी जागा कोणाची कशी?

क्युलेक्सच्या मादीला कुजक्या, साचलेल्या गटारपाण्याचा वास ओढून नेतो. ती पाण्यावरच शंभर ते तीनशे अंडी एकमेकांना चिकटवून तराफा सोडते. सगळं एकाच ठिकाणी! पाणी आटलं की तराफा संपला.

डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्ती जास्त धूर्त वाटते. तिला टाकी, कुंडीखालची ताटली, जुना टायर चालतो. अंडी पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला सुटी चिकटवते आणि बहुधा अनेक भांड्यांत वाटून टाकते. ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात. पाणी वर चढलं की अळ्या बाहेर. म्हणून भांडं नुसतं रिकामं करून भागत नाही, आतून घासावं लागतं.