बर्फ कमी पडला तर कुठे बरं? औली की गुलमर्ग

गेल्या हिवाळ्यात स्कीइंगला गेलेले जळगाव, भुसावळ, अमळनेरकडचे बरेच जण हिरमुसून परत आले. कुणाला उघडा उतार मिळाला, कुणाला चार बोटं बर्फ आणि खाली दगड. आता पुढच्या हिवाळ्याचं ठरवायची वेळ आली, की पुन्हा तोच प्रश्न येतो: उत्तराखंडातली औली की काश्मीरमधलं गुलमर्ग? मी दोन्हीकडे शिकलो आहे. बर्फ चांगला असताना दोन्ही जागा पाहिल्यात आणि नसतानाही पाहिल्यात. भाडं, हॉटेलं, कोर्स किती दिवसांचा हे तुम्हाला माहीत आहे, नसलं तरी पाच मिनिटांत कळेल. ते मी सोडून देतो. भरपूर बर्फात दोन्ही जागा उत्तमच आहेत, त्यामुळे चांगल्या वर्षाचे फोटो पाहून ठरवण्यात अर्थ नाही. बर्फ रुसला तर कोणती जागा तुमच्या हातात काय ठेवते, ते बघून ठरवावं असं मला वाटतं.

कारण वाईट वर्ष ही आता क्वचित घडणारी गोष्ट राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये औलीच्या राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा बर्फ नसल्यामुळे रद्द झाल्या. जानेवारी २०२४ मध्ये ऐन चिल्लई कलानच्या, म्हणजे काश्मीरच्या सगळ्यात कडक थंडीच्या चाळीस दिवसांत गुलमर्गचं कुरण पिवळं पडलेलं सगळ्या देशाने पाहिलं. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीत व्हायचा होता, तो बर्फाअभावी पुढे ढकलला आणि ९ ते १२ मार्चला झाला. म्हणजे कॉलर ताठ करावी अशी स्थिती दोघांचीही नाही.

दोन्हीकडचा बर्फ येतो तो पश्चिमी झंझावातांतून. भूमध्य समुद्राकडून निघालेला हा ओलावा हिमालयाला धडकतो. तो आधी काश्मीरला गाठतो आणि बऱ्याचदा पुढे गढवालपर्यंत, म्हणजे औलीच्या भागापर्यंत, येता येता दुबळा झालेला असतो. आपल्याकडे याची चाहूल वेगळ्या रीतीने लागते. झंझावात पुढे सरकला की उत्तरेचे कोरडे वारे खाली येतात, धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा घसरल्याची बातमी छापून येते आणि रावेर-यावलच्या केळीवर थंडीचा चरका दिसू लागतो. माझे सावद्याचे मेहुणे बागेत रात्री धूर करायला लागले की मी गुलमर्गच्या इन्स्ट्रक्टरला फोन लावतो. दर वेळी तिकडे बर्फ पडलेला असतोच असं नाही, पण अंदाज बांधायला ही खूण मला उपयोगी पडते.

आधी औलीबद्दल, कारण मला ती जागा मनापासून आवडते. समोर नंदादेवी, ७,८१६ मीटर. सकाळी पहिलं ऊन तिच्या माथ्यावर पडतं तेव्हा शिकवणारे आणि शिकणारे सगळेच थांबतात. उतार एकसारखा आणि रुंद आहे, नवख्याला भीती वाटत नाही. गर्दी गुलमर्गच्या मानाने कमी. गढवाल मंडळ विकास निगम या सरकारी पर्यटन संस्थेच्या कोर्समध्ये राहणं, जेवण, स्की, बूट, शिकवणी सगळं एकत्र मिळतं, त्यामुळे रोज घासाघीस करावी लागत नाही. आमच्यातल्या शाकाहारी मंडळींना राजमा-भात आणि गरम पोळी मिळाली की ती खूश. सोबत नेलेली दाण्याची चटणी आणि ठेचा तिथल्या स्वयंपाक्यालाही आवडला होता.

पण बर्फ कमी असला की औलीचं सगळं गणित बिघडतं. तिथे बर्फ आधी खालच्या टप्प्यावरून जातो. जो उरतो तो वर, झाडांच्या सावलीत आणि गोरसों बुग्याळ या उंचावरच्या कुरणाच्या बाजूला. लिफ्ट मात्र तुम्हाला तिथवर नेत नाही. खालच्या जोशीमठ गावाहून वर येणारा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचल्यानंतर बंद झाला. जाण्याआधी त्याची ताजी स्थिती विचारून घ्या, पण तो चालू असेल हे धरून बेत आखू नका. कृत्रिम बर्फाची यंत्रं आहेत, २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या सुमारास बसवलेली. त्यांच्यासाठी वर तळंही बांधलं आहे. तरी अशा यंत्रांना हवा शून्याच्या बरीच खाली आणि कोरडी लागते. ज्या हिवाळ्यात आभाळातून बर्फ पडत नाही, त्यातल्या बऱ्याचशा रात्री यंत्राच्या बर्फालाही पुरेशा थंड नसतात.

मग उरतं ते चालणं. माझा निर्णय या चालण्यानेच झाला, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

स्कीचा बूट चालण्यासाठी बनवलेलाच नाही. कडक प्लास्टिकचं कवच, त्यावर चार बकल, घोटा जखडलेला, नडगी सतत पुढे झुकलेली. बर्फात तो पायाला धरून असतो म्हणून छान वाटतो. ओल्या गवतावर आणि चिखलात तोच बूट टाच टेकू देत नाही आणि चवडा वळू देत नाही. खांद्यावर स्की, हातात पोल, आणि उघड्या उतारावरून वर चढायचं. वर पोहोचेपर्यंत मांड्या भरून आलेल्या असतात आणि शिकायची उमेद निम्मी संपलेली असते. आमच्यातला अमळनेरचा मित्र मध्येच थांबून म्हणाला होता, "भाऊ, आपण शिकाले उनूत का वझं व्हावाले?" (शिकायला आलो की ओझं वाहायला?) कुणाकडेच उत्तर नव्हतं.

याहून त्रासाची गोष्ट पुढे येते. बुटाच्या तळाला चिखल लागलेला असतो. बर्फावर पाय ठेवला की तो चिखल आणि बर्फ मिळून तळाला घट्ट थर धरतो. आता बाइंडिंगमध्ये, म्हणजे स्कीवर बूट अडकवायच्या पकडीत, आधी चवडा घालायचा आणि टाच दाबायची, की 'खट्' आवाज येऊन बूट बसला पाहिजे. तळाला थर असला की तो आवाजच येत नाही. मग एका पायावर तोल सांभाळत, शेजाऱ्याचा खांदा धरून, पोलच्या टोकाने तळ खरवडायचा. एक बूट साफ होईपर्यंत दुसरा पुन्हा माखतो. कधी आवाज येतो, पण अर्धवट बसलेला असतो. अशी स्की पहिल्याच वळणावर पायातून सुटते आणि एकटीच खाली जाते. ती आणायला पुन्हा त्याच बुटांनी त्याच चिखलात उतरायचं. सकाळचे गोठलेले तास, जेव्हा बर्फ टणक असला तरी निदान सलग असतो, ते सगळे या खरवडण्यात जातात. दुपारी बर्फाचा रबडा होतो, खालून दगड डोकं काढतात आणि शिकवणारा म्हणतो, आजचं पुरे.

यात तिथल्या माणसांचा काहीच दोष नाही. मिळेल त्या तुकड्यावर शिकवायला ते जीव तोडून धडपडतात. पण मी सुट्टी काढून, दोन रात्रींचा प्रवास करून जातो तो शिकायला, आणि अशा वर्षी औलीत शिकण्याचा वेळ फार थोडा हाताला लागतो.

गुलमर्गलाही वाईट वर्षी खालचं मैदान उघडंच असतं. मैदान २,६५० मीटरच्या आसपास, तिथे जानेवारीत घोड्यांच्या टापांचा चिखल मी पाहिला आहे. फरक असा, की गुलमर्गकडे गंडोला, म्हणजे दोन टप्प्यांची केबलकार आहे. साधे बूट घालून केबिनपर्यंत जायचं, स्की बाहेरच्या खाचेत ठेवायच्या आणि वर पहिल्या टप्प्याच्या स्थानकावर, कोंगडूरीला उतरायचं. ती जागा सुमारे ३,०८० मीटरवर आहे. खाली काही नसताना तिथे शिकण्यापुरता बर्फ बऱ्याचदा टिकून असतो. तिथून वरच्या मेरी शोल्डर या उताराकडे चेअरलिफ्टही आहे. बर्फ पातळ असला तरी स्कीचे बूट बर्फावरच चढवता येतात आणि बर्फावरच उतरवता येतात. चिखल नाही, खरवडणं नाही, सकाळचे तास वाचतात. एवढ्या एका कारणाने माझा कौल गुलमर्गकडे झुकतो. कुणाला हे कारण क्षुल्लक वाटेल. पण गेल्या मोसमात तिथून परत आलो तेव्हा माझी उजवीकडची वळणं सुधारलेली होती, आणि त्याहून वेगळं मोजमाप माझ्याकडे नाही.

गुलमर्गची डोकेदुखीही सांगतो. गंडोलाची तिकिटं आधी ऑनलाइन काढावी लागतात. केबिनमध्ये स्कीवाल्यांपेक्षा बर्फ बघायला आलेली माणसं जास्त असतात, त्यामुळे रांग लांब. वारा वाढला की वरचा टप्पा बंद, आणि ते कळतं रांगेत उभं राहिल्यावर. स्लेजवाले, घोडेवाले, भाड्याने बूट देणारे पाठ सोडत नाहीत. त्यांचंही वर्ष बर्फावरच चालतं, तेव्हा वाईट हिवाळ्यात त्यांची ओढाताण समजू शकते. तरी पहिल्या दिवशी हे सगळं अंगावर येतं. शांतता हवी असणाऱ्याला औलीच आवडेल, हे मी मान्य करतो.

आणि एक गोष्ट गांभीर्याने घ्या. गंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळजवळ ३,९५० मीटरला सोडतो. ती जागा शिकाऊ माणसासाठी नाही, आणि बर्फ उशिरा पडलेल्या वर्षी तर अजिबातच नाही. मोसमाच्या सुरुवातीला पडलेला थोडासा बर्फ थंडीत बरेच दिवस तसाच राहिला, की त्याचे साखरेसारखे सुटे दाणे होतात. त्यावर फेब्रुवारीत एकदम मोठा बर्फ पडला, की वरचा जड थर त्या सुट्या दाण्यांवरून घसरतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीअर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीअर हिमस्खलनात गेले, तेही या खेळात मुरलेल्या लोकांच्या आवडत्या उतारांवर. म्हणून बर्फाची वाट पाहून कंटाळलेल्या माणसाने पहिल्या मोठ्या बर्फानंतर लगेच वर धावू नये. आमच्या ग्रुपचा नियम आहे: गाइड नसेल तर कोंगडूरीच्या वर जायचं नाही.

प्रवासाचं थोडक्यात. औलीला रेल्वेने हरिद्वार किंवा ऋषिकेश, आणि तिथून जोशीमठपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या वर घाटरस्ता, अख्खा दिवस जातो. गुलमर्गसाठी आपल्याला भुसावळहून थेट झेलम एक्सप्रेस आहे जम्मूकडे. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाल्याने जम्मू-श्रीनगर रस्त्यावर अडकून पडण्याची भीती राहिलेली नाही. श्रीनगरपासून पुढे पन्नासेक किलोमीटर, आणि टनमर्गच्या वर बर्फ असला तर साखळी लावलेली गाडी करावी लागते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला जे घडलं, त्यानंतर घरची मंडळी काश्मीरचं नाव काढलं की गप्प होतात. माझ्या आईचंही तेच झालं. यावर मी कुणाशी वाद घालत नाही. घरी काळजीने झोप उडणार असेल तर औलीला जा, तिथेही चांगलं शिकवतात. मनालीजवळच्या सोलांगचा विचार मी केला होता, पण शिकायला तिथला उतार मला आखूड वाटला आणि हौशी पर्यटकांची गर्दी फार.

आता सगळ्यात अवघड भाग, तारखा. आपण संक्रांतीनंतर किंवा २६ जानेवारीच्या जोडसुट्टीत निघतो, आणि गेल्या काही हिवाळ्यांत नेमका जानेवारीच कोरडा गेला आहे. २०२५ मध्ये मोठा बर्फ आला तो फेब्रुवारी संपताना. त्याच लाटेत २८ फेब्रुवारीला बद्रीनाथजवळ माणा इथे हिमस्खलन होऊन रस्त्याचं काम करणारे मजूर दगावले. म्हणजे शिकण्याजोगा बर्फ हवा असेल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा किंवा मार्चचा पहिला आठवडा पाहावा. आपल्याकडे तेव्हा हरभरा काढणीला आलेला असतो, दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, व्यापाऱ्यांना मार्च एंड दिसत असतो. आमच्यातल्या शिक्षकांना तर त्या काळात रजा मिळणं कठीणच. ज्यांना फक्त जानेवारीच जमतो, त्यांच्यासाठी उंचीचा आधार आणखी महत्त्वाचा ठरतो, आणि तो मला कोंगडूरीला मिळाला. ज्यांना मार्चचा पहिला आठवडा मोकळा काढता येतो, त्यांनी दोन्हीपैकी कुठेही जावं. तेव्हा औलीत बर्फ असला तर नंदादेवीसमोर शिकण्यासारखं सुख नाही.

पुढच्या वेळी मी पुन्हा गुलमर्गलाच जाणार आहे. भाचाही येतोय, तो पहिल्यांदाच स्की बांधेल. तुम्ही औली ठरवलं असेल तर निघायच्या आठवडाभर आधी तिथल्या इन्स्ट्रक्टरला फोन करा. बर्फ आहे का, असं विचारू नका. "आहे ना, वर भरपूर आहे" असंच उत्तर येईल, आणि ते खरंही असेल. लिफ्टच्या पायथ्याशी बर्फ आहे का, ते विचारा. नसेल तर बूट घालून किती वेळ चढावं लागतंय, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.